हातचे दोन

दृश्य: बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा जिना. वरच्या खोलीत खिडकीशी मेज, मेजावर लाल कापडी बांधणीची लांबट वही.

ही माझ्या आईची हिशोबाची वही. दूध, भाजी, इस्त्री, मोलकरणीला दिलेली उचल. अशा वह्यांचा एक अख्खा ट्रंक माळ्यावर आहे. खंडेराव मार्केटमधून भाजी आणली की आई आधी वही उघडायची, मग पिशवी. बेरीज तोंडी. हातचा तिनं कधी कागदावर लिहिला नाही. ओठ हलायचे, "हातचे दोन", आणि आकडा उतरायचा.

दृश्य: कॅमेरा एका पानाच्या अगदी जवळ. थोडं थरथरतं अक्षर.

आता हे पान. दूध ६६. भाजी ४७. इस्त्री ३८. खाली बेरीज, १३१.

व्हायला हवेत १५१. एककाचे २१ झाले, त्यातला १ नीट मांडलाय. दशकाचे १३, तेही बरोबर. मधले हातचे दोन तेवढे गळले. बेरीज कशी करायची हे आई विसरलेली नव्हती. एक गोष्ट हाताशी धरून ठेवायची आणि तेवढ्यात दुसरी करायची, हे तिला जमेना. भाजी फोडणीला टाकून दार उघडायला जायचं, परत येऊन गॅस बारीक करायचा, यालाही मनात हातचा धरावा लागतो. तोच सुटत होता.

हे पान खुब्याच्या ऑपरेशननंतर सहाव्या आठवड्यातलं. आई तेव्हा ७६ वर्षांची.

दृश्य: रात्रीचा दवाखान्याचा कॉरिडॉर. पांढरा दिवा.

न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या रात्री आई सलाईनची नळी ओढायला लागली. नर्सनं प्रेमानं विचारलं, "बा, तमे अत्यारे क्यां छो?", तुम्ही आत्ता कुठे आहात? जन्मभर या शहरात फर्डं गुजराती बोललेली माझी आई तिच्याकडे नुसती बघत राहिली. मग मराठीत मला म्हणाली, "सुरसागर तळ्यावर ही कोण बाई आली गं?" पहाटे शांत झोपली. सकाळी मला नावानं हाक मारली, दुपारी पुन्हा ओळख नाही.

आपल्याकडे याला वात झाला म्हणतात. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, लक्ष एका जागी ठरत नाही. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो. पण याच आजारात काही जण नुसते गप्प पडून असतात, आणि आपण म्हणतो, बरं झालं, आराम करतायत. हा गप्प प्रकार सगळ्यात जास्त निसटतो.

एक गोष्ट मला सांगायलाच हवी. आईचा चष्मा आणि कानाचं यंत्र ऑपरेशनच्या आधी माझ्या हातात दिलं होतं. हरवायला नको म्हणून मी ते घरी नेऊन कपाटात ठेवलं. तीन दिवस आई धूसर, मुक्या जगात पडून होती. मला माहीत नव्हतं, कुणी सांगितलंही नाही. म्हणून हे तुम्हाला सांगते आहे.

दृश्य: वाड्याचा चौक. शेजारणी बसलेल्या.

घरी आल्यावर बडबड थांबली, पण वहीतले हातचे गळतच राहिले. भेटायला येणारे म्हणायचे, "साठी बुद्धी नाठी, वय झालं आता." कुणी म्हणायचं, "भुलीचं औषध डोक्यात गेलं."

ही शंका जुनी आहे. १९५५ साली बेडफर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. ऑपरेशननंतर आमचं माणूस पहिल्यासारखं राहिलं नाही, असं म्हाताऱ्यांचे नातेवाईक सांगत होते. त्यानं ते ऐकून घेतलं, पन्नाशीच्या पुढच्या १,१९३ रुग्णांची माहिती तपासली. घरच्यांचं बोलणं त्यानं उडवून लावलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

मग १९९८ मध्ये युरोपातले आठ देश आणि अमेरिका मिळून मोठी पाहणी झाली. साठीच्या पुढचे १,२१८ रुग्ण, हृदय सोडून इतर मोठी ऑपरेशनं. आठवड्यानं शंभरात सुमारे २६ जणांची स्मरण आणि विचाराची चाचणी घसरलेली होती. तीन महिन्यांनी सुमारे १०. ऑपरेशन न झालेल्या त्याच वयाच्या लोकांत हाच आकडा तीनच्या आसपास. ऑक्सिजन कमी पडला असेल, रक्तदाब उतरला असेल, असा सगळ्यांचा कयास होता. त्याचा संबंध सापडला नाही. तीन महिन्यांनंतरच्या घसरणीशी ठळकपणे जुळलं ते वय.

मग भूल? आम्हीही हात जोडून म्हणालो होतो, कमरेत इंजेक्शन द्या, पूर्ण भूल नको. २०२१ मध्ये खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण भुलीत आणि कमरेतल्या इंजेक्शनात वात होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, शंभरात वीसच्या आसपास. आज अनेक संशोधकांचा रोख शरीरातल्या दाहाकडे आहे. हाड मोडतं, चिरा पडतो, शरीर जखमेशी लढायला उठतं, आणि त्या लढाईची झळ म्हाताऱ्या मेंदूलाही लागते. त्यात जागरण, वेदना, लघवीचा जंतुसंसर्ग, झोपेच्या काही गोळ्या. कधी विस्मरणाचा आजार आधीच सुरू असतो, ऑपरेशननं तो उघडा पडतो इतकंच.

भुलीच्या भीतीनं खुब्याचं ऑपरेशन टाळू नका, हे मी आवर्जून सांगेन. अंथरुणाला खिळलेलं म्हातारपण त्याहून वाईट.

दृश्य: पलंगाशेजारी चष्मा, भिंतीवर घड्याळ आणि कालनिर्णय.

करता येतं ते अगदी घरगुती आहे. शुद्धीवर आल्या आल्या चष्मा, कानाचं यंत्र, दातांची कवळी. समोर घड्याळ. दिवसा उजेड, रात्री अंधार. डॉक्टर हो म्हणाले की लगेच उठवून बसवायचं, चालवायचं. घोट घोट पाणी. ओळखीचा आवाज, आपल्या भाषेत. अमेरिकेत डॉ. शॅरन इनोये यांनी सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांवर असेच उपाय करून पाहिले. हे रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, साध्या वॉर्डातले होते. १९९९ च्या त्या अहवालात वात होण्याचं प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १५ टक्के, तर हे उपाय केलेल्यांत ९.९ टक्के दिसतं. आणि चालू गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञाला आधीच दाखवायची, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट. मनानं कुठलीही गोळी बंद मात्र करायची नाही.

आईला वृद्धांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी कशा होत्या?" भाऊ म्हणाला, चांगल्या होत्या. चांगल्या म्हणजे काय, ते त्याला सांगता येईना. मी पिशवीतून वही काढली. त्यांनी ऑपरेशनच्या आधीची पानं उलटली, मग नंतरची, आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आईलाच विचारलं, "आजी, रोज लिहाल का?"

दृश्य: सकाळची कमाटीबाग. आई काठी टेकत चालते आहे, मी मागे.

सहा महिने झाले. रोज बागेत एक फेरी, घरी आल्यावर वही. गुजराती परत आलं, शेजारच्या बेनशी भांडण्याइतकं. कालचं पान तिनंच मला दाखवलं.

दृश्य: कॅमेरा पुन्हा वहीच्या जवळ.

दूध ६६. भाजी ५८. इस्त्री २७. बेरीज १५१. आणि वर, दशकाच्या रांगेच्या डोक्यावर, पूर्वी कधीच नसायचा तो पेन्सिलीनं काढलेला बारीकसा २.