तिसरा ग्लास

नमस्कार मंडळी! आज मला अशा एका नटाबद्दल बोलायचंय ज्याचा चेहरा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवेल, पण नाव पटकन ओठांवर येणार नाही. 'कासाब्लांका' सिनेमा आठवतोय ना, १९४२ चा? त्यातला कॅफेमधला तो गोलमटोल हेडवेटर कार्ल, गोल चष्मा, सुटलेले गाल. तो म्हणजे एस. झेड. साकाल.

माणूस मूळचा बुडापेस्टचा, १८८३ चा जन्म, ज्यू घरातला. तरुणपणापासूनच व्हरायटी थिएटरसाठी प्रहसनं लिहायचा. व्हरायटी म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नकला, छोटे विनोदी प्रवेश असं सगळं, आणि ज्यांनी आपल्याकडची बतावणी समोर बसून पाहिलीय त्यांना लगेच कळेल की तिथे रीटेक नसतो, पब्लिक हसलं नाही तर त्याच क्षणी काहीतरी सुचावं लागतं. टोपणनाव घेतलं सोके साकाल, म्हणजे हंगेरियनमध्ये सोनेरी दाढी. मग व्हिएन्ना, मग बर्लिन, तिथे स्टेज आणि सिनेमा दोन्हीकडे नाव झालं, आणि १९३३ ला नाझी सत्तेवर आले आणि सगळं मागे टाकून परत बुडापेस्ट. तिथेही हवा बिघडायला लागली. हॉलिवूड गाठलं तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे! आणि इंग्रजी जेमतेम.

विचार करा, ज्याचं पोट शब्दांवर चालायचं त्याच्या हातातून शब्दच गेले. मला या माणसाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. त्याने ती मोडकीतोडकी भाषाच हाताशी धरली, शब्द अडखळायचे, वाक्यं उलटीपालटी व्हायची, आणि काही गडबड झाली की दोन्ही तळहात स्वतःच्या गालांवर थापायचा, गाल थरथरायचे आणि थिएटर हसायचं. ही स्टेजवरची कमाई होती, कुठल्या क्षणाला हात वर न्यायचा हे बरोबर ठाऊक असलेल्या माणसाची. वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा कंपनीने त्याला 'कडल्स' (कुशीत घ्यावंसं वाटणारा) असं लाडाचं नाव चिकटवलं, पडद्यावरच्या नामावलीतसुद्धा. त्याला ते फारसं आवडायचं नाही म्हणतात.

पुढे 'ख्रिसमस इन कनेक्टिकट', 'इन द गुड ओल्ड समरटाइम' असे कितीतरी सिनेमे केले, बहुतेकदा कुणाचा तरी प्रेमळ काका, नाहीतर स्वयंपाकी, नाहीतर दुकानाचा मालक. १९५४ मध्ये आत्मचरित्र आलं आणि १२ फेब्रुवारी १९५५ ला हार्ट अटॅकने गेला, ७२ वा वाढदिवस होऊन दहाच दिवस झाले होते.

पण मला परत 'कासाब्लांका'कडे यायचंय, एका छोट्याशा सीनसाठी. नाझींपासून पळालेलं एक म्हातारं जोडपं अमेरिकेला निघालंय, कागदपत्रं एकदाची हातात आलीत. कार्ल त्यांच्या टेबलाशी ब्रँडी घेऊन येतो, साधी नाही, खास ठेवणीतली. ते म्हणतात तूही बस ना आमच्याबरोबर, आणि तो सांगतो की तुम्ही विचारणार हे मला माहीतच होतं, म्हणून तिसरा ग्लास आणलाच आहे. मग नवराबायको इंग्रजीची प्रॅक्टिस करतात, किती वाजले हे एकमेकांना इतक्या चुकीच्या इंग्रजीत विचारतात की हसू आवरत नाही, आणि कार्ल अगदी मनापासून सांगतो की अमेरिकेत तुमचं छान जमेल. चेष्टेचा लवलेश नाही. आता हे ऐका, ते जोडपं करणारे लुडविग श्टोसेल आणि इल्का ग्रुनिंग हे दोघंही नाझींमुळे पळून आलेले नट होते, आणि दिग्दर्शक मायकेल कर्टिझसुद्धा बुडापेस्टचाच. म्हणजे त्या टेबलावरचे तिघंही खरोखरच घर सोडून आलेले, तिघंही या नव्या भाषेत चाचपडलेले, आणि कॅमेऱ्यामागे गावचाच माणूस. लिहिणाऱ्यांनी सीन विनोदी लिहिला होता आणि तो विनोदीच आहे, पण माझा घसा दर वेळी दाटून येतो.

कारण साकालच्या तीन बहिणी मागे युरोपातच राहिल्या होत्या. तिघीही नाझींच्या छळछावण्यांत मरण पावल्या, भाचीसुद्धा, आणि बायकोचे भाऊ-बहीणही. यांच्यापैकी कुणासाठी बोटीचं तिकीट निघालं नाही.

सिनेमा परत लावलात तर तो सीन सुरू होताना कार्लच्या हाताकडे बघा. ट्रेमध्ये ग्लास तीन आहेत.