काटकोनातला उकिरडा

नमस्कार मंडळी.

दूध काढून झालं असेल, चुलीवर वरण शिजत असेल, तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. जंगलालगतच्या गावात घर बांधायची परवानगी कशी मागायची, यावर मला बोलायला सांगितलंय. तीस वर्षं सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर म्हणून एमबी, म्हणजे मोजमापाचं पुस्तक, भरत उन्हातान्हात फिरलो, म्हणून माझी आठवण झाली असावी. वेळ मोजका आहे. त्यातला निम्मा माझे धाकटे मामा खाणार, हे मी निर्मात्यांना आधीच सांगून ठेवलंय.

आधी एवढं कानात साठवा. जंगलालगत घर बांधायला बंदी नाही. पुन्हा सांगतो, बंदी नाही. इथल्या रहिवाशाला स्वतःच्या जागेवर, स्वतःला राहायला घर बांधता येतं. परवानगी मात्र घ्यावी लागते, आणि ती मागताना वापर काय ते लिहावं लागतं. घर केवढं, स्लॅबचं की टिनाचं, हे सगळं नंतर. वापर काय, ते आधी.

आता आपल्या चंद्रपूरकडचंच पाहा. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ साली अंधारी अभयारण्य आलं, १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे भोवतीनं बफरचा पट्टा आला आणि २०१९ साली इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र. झोन आला म्हणून तुमचा सातबारा वनखात्याच्या नावावर जात नाही. जमीन तुमचीच. तिच्यावर काय करायचं, त्याला फक्त चाळणी लागते. तिकडे पेंच, बोर, मेळघाट, नवेगाव-नागझिऱ्याकडचे श्रोते असतील, त्यांच्याकडे अंतरं वेगळी, अधिसूचना वेगळी, पण चाळणी साधारण अशीच. दगडाची खाण नाही, क्रशर नाही, नवी आरागिरणी नाही. अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवं हॉटेल-रिसॉर्ट नाही, व्यावसायिक बांधकाम नाही. आणि त्याच कागदात खाली लिहिलेलं असतं की स्थानिक माणसाला आपल्या जमिनीवर आपल्या वापरासाठी बांधता येईल. घराच्या बांधकामाला, दुरुस्तीला लागणारी माती खणायलाही सूट असते. पण ती खालची ओळ कोणी वाचत नाही. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक किलोमीटरच्या पट्ट्याचा आदेश आला, तेव्हा गावोगाव हाकाटी झाली की आता घराची वीटही हलवायची नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयानं तो आदेश सुधारून सैल केला, त्याची हाकाटी काही झाली नाही.

माती म्हटली की कवेलू, म्हणजे मातीची कौलं, आठवतात. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. कवेलूच्या घरात त्या उन्हातही दुपारी डोळा लागतो, स्लॅबखाली माणूस भाकरीसारखा भाजतो. लोक म्हणतात वानरं कवेलू फोडतात. फोडतात, खरं आहे. पण वानरावर राग काढून साऱ्या घराचा तवा करून घ्यायचा, हे मला आजवर पटलेलं नाही. असो. मामांकडे येतो.

मामांचं गाव ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या अलीकडे. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या खेपेला मला चहा मिळायचा नाही. जुनं घर गावठाणात, तीन भावांत वाटलेलं. मामांच्या वाट्याला दीड खोली आणि अर्धी पडवी. मुलाचं लग्न झालं, नातू आला, तेव्हा मामांनी ठरवलं की गावाला लागून जी वाडी आहे तिथं पाच खोल्यांचं घर बांधायचं. जागा त्यांची, सातबारा त्यांचा, चतुःसीमेवरून भांडण नाही. असं सरळ प्रकरण मी तीस वर्षांत फार पाहिलं नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर मामा तालुक्याला एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. तिथल्या पोरानं विचारलं, “मामा, बांधून काय करनार?”

मामा म्हणाले, “राहू ना बाप्पा. पडवीत दोन म्हशी बांधू. अन् सूनबाई म्हनते समोर चहाचं टपरं टाकू, टुरिस्ट येतेत-जातेत, तेवढेच चार पैसे.”

पोरानं मामांचं सगळं ऐकलं आणि शेवटचं लिहिलं. वापर : व्यावसायिक. कारण : पर्यटन. मामांनी खाली सही ठोकली. चष्मा घरीच राहिला होता.

चार महिन्यांनी कागद परत आला. त्यात लिहिलं होतं, “आपल्या प्रस्तावित पर्यटन प्रकल्पाबाबत.” मामांनी ते पारावर मोठ्यानं वाचायला लावलं, आणि त्या दिवसापासून गावात त्यांचं नावच प्रकल्पवाले पडलं. दुधाचं कॅन घेऊन निघाले की पोरं म्हणत, प्रकल्प चालला. आजही म्हणतात.

मग मामांना भाचा आठवला. मी कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. वापराच्या जागी तो एकच शब्द चुकला होता, त्यापायी बाकीचं सगळं अडलं होतं. मी दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला. वापर : निवासी, स्वतःच्या कुटुंबासाठी. तो वनविभागाच्या अभिप्रायाला गेला आणि २०२४ च्या मे महिन्यात मोक्यावर पाहणी ठरली.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी मी गावात पोचलो. मामा वाटेतच उभे. “भाच्या, एक अडचन हाय.”

मी विचारलं, “पाया खोदला का?”

“थोडासाक.”

जाऊन पाहतो तर पाचही खोल्यांचा पाया छातीइतका खोल खोदून तयार. मिरगाच्या आत जोतं यावं म्हणून मामांनी उन्हाळ्यात मजूर स्वस्त मिळाले तसे लावून टाकले होते. मी म्हटलं, मामा, परवानगीआधी कुदळ लावायची नसते. मामा म्हणाले, “ते मले आता समजलं. आता काय करू ते सांग.”

इथं मी जे केलं ते तुम्ही करू नका. तीस वर्षं सरकारचं मीठ खाल्लेला माणूस, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात मामांबरोबर खोदलेल्या पायात हरभऱ्याचं कुटार, म्हणजे भुसा, भरत होतो. वरून शेण-गवत पसरलं, खुंटी ठोकून शेळी बांधली. मामी दारात उभी राहून हसत होती. तिला हे सगळं कुठं जाणार ते आधीच दिसलं होतं बहुतेक.

सकाळी माणसं आली. पटवारी आले. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, असं सरकारनं ठरवलंय. नावं लांबली, सह्यांना तितकाच वेळ लागतो. आमच्याकडे पटवारी तो पटवारीच. वनरक्षक आला. आणि एक तरुण साहेब, पांढरेशुभ्र बूट घातलेले.

आधी अंतराचा वाद झाला. मामा ठाम, “गेट आमच्यापासून तीन किलोमीटर हाय जी.” रस्त्यानं तीनच होतं. पण नाल्यावरून सरळ रेघ मारली तर अभयारण्याची हद्द एक किलोमीटरच्या आत येत होती. साहेबांनी मोबाइलवर दाखवलं. वाघ काही डांबरी रस्त्यानं फिरून येत नाही, असं वनरक्षक पुटपुटला. तर लक्षात ठेवा, अंतर सरळ रेषेत धरतात, एसटीच्या तिकिटावरचं नाही. सरळ रेषेत.

एवढ्यात शेळीनं कुटार खायला सुरुवात केली होती. खाता खाता ती एका सरळ रेघेत पुढे सरकत होती, कारण कुटार तेवढ्याच रेघेत होतं. माझं लक्ष तिच्याकडे, मामांचं लक्ष माझ्याकडे. साहेब फोटो काढायला मागे सरकले. जागा पुरेना म्हणून आणखी एक पाऊल मागे गेले, आणि एक पाय मांडीपर्यंत खाली.

आम्ही चौघांनी ओढून काढलं. पांढरा बूट खालीच राहिला. मामा घाईघाईनं म्हणाले, “उकिरडा होय जी थो. शेनखताचा.”

साहेबांनी एका पायावर उभं राहून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोपऱ्यावर गवंड्याची लाइनदोरी अजून खुंटीला बांधलेली होती. ती सोडायची आम्ही विसरलो होतो. साहेब शांतपणे म्हणाले, “काका, एवढा काटकोन काढून उकिरडा कोण खणतं?”

मामा क्षणभर गप्प राहिले. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “भाचा ओवरशेर हाय ना जी.”

मंडळी, माझ्या नोकरीत चौकशी झाली नाही, मेमो मिळाला नाही. जी काय अब्रू गेली ती त्या उकिरड्यात.

साहेब भला माणूस. पंचनाम्यात त्यांनी खोदाई आढळली असं खरं ते लिहिलं, काम थांबवायला सांगितलं. मग निंबाखाली बसून मामीच्या हातचा चहा घेतला. बशीत ओतून घेतला, कागदी कप मागितला नाही, त्यावरूनच मी माणूस ओळखला. म्हणाले, काका, तुमचं घर होणारच होतं. राहायचं घर आहे, तुम्ही इथलेच, जमीन तुमची. पण पहिल्या अर्जात पर्यटन, दुसऱ्यात निवासी आणि जागेवर उकिरडा. मी कोणत्या कागदावर विश्वास ठेवू?

परवानगी दिवाळीच्या आत मिळाली. तोवर पावसाळ्यात काळी माती फुगून पाया ढासळला, कुटार सडलं, बेडकांनी संसार थाटला. पुन्हा खोदावा लागला. मजुरी दुप्पट. म्हणून सांगतो, परवानगीआधी कुदळ नाही. परवानगीआधी कुदळ नाही.

आता काचेपलीकडून मला घड्याळ दाखवताहेत, तेव्हा कागदांचं पटापट सांगतो.

घर गावठाणात, आमच्या भाषेत आबादीत असेल, तर सुरुवात ग्रामपंचायतीतून. २०२१ मध्ये ग्रामविकास खात्यानं सोपं केलंय. सोळाशे चौरस फुटांपर्यंत मालकीचा कागद, नकाशा आणि तो नियमात बसतो असं इंजिनिअरचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत दाखल करायचं. त्यापुढे ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी, नगररचनाकाराकडे जायचं काम नाही. पण झोन आहे तिथं झोनची चाळणी याच्या वरून लागते, हे विसरू नका.

घर गावठाणाबाहेर, वाडीत-शेतात असेल तर महसूलकडे. गोठा, कुटाराची कोठी, गड्याला राहायची खोली, हे शेतघरात धरतात, त्याला जमीन महसूल संहितेत कलम ४१ वेगळं आहे. अकृषिकचे, म्हणजे शेतजमीन शेतीखेरीज वापरायचे, नियम मधूनमधून बदलत आलेत, तेव्हा शेजाऱ्यानं दहा वर्षांपूर्वी केलं तसंच करायला जाऊ नका. पटवाऱ्याकडे गट नंबर घेऊन जा.

आणि सातबारा काढला की नुसतं नाव पाहून घडी घालू नका. भोगवटादार वर्ग एक आहे की दोन ते बघा. वर्ग दोन म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन, तिला आणखी परवानगी लागू शकते. त्याहून मोठी गोष्ट, आपल्या पूर्व विदर्भाची खास, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली ही नोंद. जागेवर एक झुडूप नसेल, पोरं क्रिकेट खेळत असतील, पण कागदावर झुडपी जंगल असेल तर ते जंगल. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला हेच सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी रीतसर दिलेल्या जागांना त्यात वाट ठेवली आहे. पण आज कोणी तुम्हाला अशी जागा नोटरीच्या कागदावर स्वस्तात देत असेल, तर चहा पिऊन परत या.

बांधावरचं झाड आडवं येत असेल तर तेही विचारून. साग, मोह, आंबा, चिंच, झाड तुमच्या जमिनीत असलं तरी १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते. जाता जाता एक, कंपाउंडची भिंत दहा फूट उंच करून वर काचा लावण्याची जी नवी हौस आलीय, ती जंगलालगत कशासाठी मला कळत नाही. बिबट्याला त्या दिसत नाहीत आणि हरणाची वाट मात्र अडते.

अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. तोंडी “ठेवून जा” म्हणाले तर ठेवून जाऊ नका. पोच घ्या. आणि सही करायच्या आधी चष्मा लावून वापर काय लिहिलंय ते वाचा. राहायचं घर असेल तर निवासी लिहा. दुकान, होमस्टे, टपरी करायची असेल तर त्याचा अर्ज वेगळा, तो घराच्या पोटात लपवू नका. उद्या शेळी दाखवून देईल.

मामांच्या घरावर स्लॅबच पडला, माझं कोणी ऐकलं नाही. वास्तूला ते साहेब आले होते, जुने बूट घालून. सूनबाईंच्या टपरीचा अर्ज मी गेल्या महिन्यात वेगळा लिहून दिला. वापराच्या रकान्यात व्यावसायिक असं स्पष्ट लिहिलंय, आणि जागा हद्दीपासून सरळ रेषेत मोजून एक किलोमीटरच्या पलीकडची, थोरल्या मामांच्या धुऱ्यालगतची, म्हणजे बांधालगतची, घेतलीय. तिथं अजून कोणी कुदळ लावलेली नाही. काल फोन करून मी दोनदा विचारून घेतलं.

नमस्कार.