न उजळणारी गाठ

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा, गळ्याची आडवी प्रतिमा.)

साठीच्या पुढच्या माणसांची सोनोग्राफी केली, तर साधारण निम्म्यांच्या थायरॉइडमध्ये एखादी तरी गाठ सापडते. त्यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी. संशय आलाच तर सुईनं पेशी काढून तपासतात आणि बहुतेकदा तिथंच निकाल लागतो. न लागला, तर पंचाईत.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काच, पेशींचे जांभळे पुंजके.)

या पेशींवर अहवाल आला, ‘बेथेस्डा चार’, म्हणजे थायरॉइडच्या पेशींचे अहवाल मांडायच्या बेथेस्डा पद्धतीतला चौथा, अनिर्णित गट. फॉलिक्युलर प्रकारची साधी गाठ असेल, नाहीतर त्याच प्रकारचा कर्करोग. दोन्हींतल्या पेशी दिसायला सारख्याच. फरक कळतो तो गाठीच्या वेष्टनावर. कर्करोग ते भेदतो, रक्तवाहिन्यांत शिरतो. सुईत पेशी येतात, वेष्टन जागच्या जागी राहतं. ते पाहायचं तर निम्मी थायरॉइड काढावी लागते. एवढं करून चारांतल्या साधारण तिघांची गाठ साधीच निघते. मानेवर व्रण राहतो, काहींच्या मागे थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची, रोजची गोळी लागते, क्वचित नसेला इजा होऊन आवाज बसतो.

(दृश्य: शिशाच्या आवरणातली सिरिंज.)

ही शस्त्रक्रिया टाळायला पेट स्कॅनची मदत होऊ शकते. कर्करोगाच्या गाठी साखर खूप खातात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये दाखवलं होतं. हा स्कॅन त्याचाच फायदा घेतो. उपाशीपोटी एफडीजीचं इंजेक्शन देतात. हे ग्लुकोजचं किरणोत्सारी भावंड. पेशी ते आत घेते, पचनाची पहिली पायरी पार पाडते, पण पुढे नेऊ शकत नाही. ते आतच अडकतं आणि तासाभरानं स्कॅनवर चमकतं. त्यातलं किरणोत्सारी फ्लोरीन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मं होतं, साठवण्याची सोयच नाही. म्हणून भारतातलं पहिलं पेट यंत्र २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं, तेव्हा सोबत हे फ्लोरीन जागेवरच बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉनही आला.

(दृश्य: नेदरलँड्स, रुग्णालयाची मार्गिका.)

२०१५ ते २०१८ या काळात १५ डच रुग्णालयांनी अशा अनिर्णित गाठींचे १३२ रुग्ण निवडले. स्कॅन सगळ्यांचा झाला. ४१ जणांचा निकाल मात्र झाकून ठेवला आणि त्यांना नेहमीसारखा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. ऐकायला कठोर वाटतं, पण त्याशिवाय तुलना कशाशी करणार? उरलेल्या ९१ जणांत गाठ चमकली तरच शस्त्रक्रिया, नाहीतर सोनोग्राफीची देखरेख. साध्या गाठींवरच्या १०० पैकी ४० शस्त्रक्रिया टळल्या. देखरेखीवर ठेवलेल्यांपैकी कुणाचाही कर्करोग वर्षभरात निसटल्याचं आढळलं नाही.

चमकलेल्या गाठींचं काय? त्यांतल्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यातच कर्करोग निघाला. त्यामुळे ‘पेटवर गाठ पेटली’ हे ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही. या स्कॅनचा खरा उपयोग गाठ चमकत नाही तेव्हाचा.

त्यालाही एक अपवाद आहे. थायरॉइडमधल्या हर्थल नावाच्या पेशींच्या गाठी. या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांनी, ठासून भरलेल्या, त्यामुळे गाठ साधी असली तरी साखर भरपूर ओढते. डच अभ्यासात अशा १५ साध्या गाठींपैकी फक्त दोघींची शस्त्रक्रिया टळली. सुईच्या अहवालात हर्थल पेशी आहेत का, हे स्कॅनची चिठ्ठी लिहिण्याआधीच पाहिलेलं बरं.