पाणी किती आलं, ते देवाला कळवणारी आई

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै लागला की सांगलीत माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न एकच विचारतात, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. कर्नाळ रोडचं आमचं बैठं घर त्या पाण्यात होतं.

पण आज मला बोलायचंय ते पाणी उतरल्यानंतरचं. चिखल काढला, भिंती धुतल्या, कपाटं उन्हात ठेवली. आणि पुढच्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमाराला मला जाग यायला लागली. छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे. बाहेर बघावं तर साधी भुरभुर. मोबाइल उघडून कोयनेचा विसर्ग बघायचा, आडवं व्हायचं, पुन्हा उठून बघायचं. मी लहानपणापासून चर्चला जाणारी, संडे स्कूलला मुलांना शिकवणारी. मला वाटायचं, आपला विश्वासच तोकडा. एका बाईंनी उपासनेनंतर तसं बोलूनही दाखवलं, "विश्वास असेल तर भीती कशाला वाटावी?" फार लागलं ते.

आज माझ्यासारखं कुणी ऐकत असेल, तर त्याला मला सांगायचंय की असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका," हे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिणारा प्रेषित पौल त्या वेळी कैदेत होता. आणि हाच पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, मंडळ्यांच्या, म्हणजे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समाजांच्या, काळजीचं दडपण आपल्यावर रोज येतं, असं मोकळेपणानं सांगतो. रोज! गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभू येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडला. मग आपली छाती धडधडली तर ते पाप कसं?

मला सर्वांत जवळचा वाटतो तो एलीया संदेष्टा. जिवाच्या भीतीनं रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि "आता पुरे, माझा प्राण घे," म्हणाला. देवानं त्याला उपदेश केला का? नाही. त्याला झोप लागली. देवदूतानं हलवून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. खाऊन तो पुन्हा झोपला. देवदूत पुन्हा आला, पुन्हा खाऊ घातलं, आणि म्हणाला, वाट लांबची आहे. पवित्र शास्त्रातल्या '१ राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हे आहे. घाबरलेल्या माणसाला आधी झोप आणि भाकर लागते, हे देवाला ठाऊक आहे.

म्हणूनच मी डॉक्टरांकडेही गेले. काही महिने गोळ्या घेतल्या, त्याची लाज वाटली नाही. आपल्या मिरजेत १८९४ साली डॉक्टर वान्लेस यांनी मिशनचा दवाखाना उभा केला, तो प्रार्थना आणि शस्त्रक्रिया या दोहोंवर विश्वास ठेवूनच ना!

आता पौलाच्या त्या "चिंताक्रांत होऊ नका" वचनाचा पुढचा भाग. तो आपण घाईनं वाचून टाकतो. "तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा." कळवा. गावाकडं खुशाली कळवतो, आजारपण कळवतो, तसं कळवा. या शब्दाचा अर्थ मला आईनं दाखवला, आणि तोही तिच्या नकळत.

पुराच्या त्या आठवड्यात आम्ही मिरजेला बहिणीकडे होतो. मधल्या खोलीत आई, मी आणि भाच्या, सगळ्या खाली अंथरूण टाकून. आई ट्रान्झिस्टर कानाशी धरून पातळी ऐकायची, मग अंधारात उठून बसायची आणि हळू आवाजात बोलायला लागायची. "बापा, बावन्न झालं बघ. पेटीतली कागदं वर ठेवायची राहिलीत. शेजारच्या म्हशी सोडल्या का नाही, कळंना. माझे पाय लटपटतायत." मोठे शब्द नाहीत, पाठ केलेलं काही नाही. जे झालं ते फुटांसकट सांगायचं, भीतीसकट सांगायचं. मला तेव्हा वाटायचं, देवाला काय पातळी ठाऊक नाही? आज वाटतं, त्याला ठाऊक होतीच. सांगून हलकं व्हायचं होतं ते आईला. एकोणसत्तरावं स्तोत्र सुरूच होतं ते, "हे देवा, मला तार, कारण पाणी माझ्या गळ्याशी येऊन ठेपले आहे." तोही दाविदानं देवाला पातळी सांगण्याचाच प्रकार की!

आता रात्री जाग आली की मी मोबाइल लांब ठेवते आणि आईसारखं बोलते. हळू, पण आवाज काढून. अमुक बिल भरायचंय, लेकीचा फोन आला नाही, पाऊस वाढलाय. एकेक गोष्ट नावानिशी. धडधड लगेच थांबते असं नाही. पण अंधारात मी एकटी नाही, एवढं कळतं. पौल म्हणतो की देवाची शांती आपली अंतःकरणं राखील. मूळ ग्रीकमधला तो शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. दाराशी कुणी जागं असलं की आतल्याला पडून राहता येतं.

त्या पुरात एका पहाटे आईनं मला हलवून उठवलं. ट्रान्झिस्टरवर सांगितलं होतं, पाणी उतरायला लागलंय. आमचं घर अजून बुडालेलंच होतं. दारं फुगली असणार, तिचं लग्नातलं पातळ चिखलात असणार, हे तिला माहीत होतं. तिनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "बापा, दोन इंच उतरलं. उपकार तुझे." मग ट्रान्झिस्टर बंद करून भिंतीकडं तोंड करून झोपली.