पगारचिठ्ठीच्या आत आणि बाहेर

एका कामगाराची पगारचिठ्ठी पाहू. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये, आणि कपातीच्या रकान्यात पीएफचे १,८००. तेवढीच रक्कम मालकही भरतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्यातले १,२५० रुपये निवृत्तिवेतनाच्या सामाईक निधीकडे वळतात आणि कामगाराच्या खात्यात ५५० रुपयेच पडतात, हे अनेकांना पासबुक पाहिल्यावरच कळते. हे निवृत्तिवेतन व्याजावर नव्हे, सूत्रावर ठरते: सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. १५,००० रुपये वेतनावर दहा वर्षे नोकरी केलेल्याला वयाच्या ५८ व्या वर्षापासून महिन्याला सुमारे २,१४३ रुपये मिळतात, आणि महागाई वाढली तरी ते आपोआप वाढत नाहीत.

पीएफखालची ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, ओळ छोटी दिसते. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जातात. त्यातून कुटुंबाचे उपचार होतात आणि आजारपणातल्या रजेत वेतनाच्या ७० टक्के भरपाई मिळते. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झालेल्या या योजनेत वर्गणी महामंडळ गोळा करते, पण बरीच रुग्णालये राज्य सरकारे चालवतात. तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हा रुग्णाला पडणारा प्रश्न या दुहेरी कारभारातूनच निघतो.

ज्यांच्या हाती अशी चिठ्ठीच नाही, त्यांच्यासाठी करातून चालणाऱ्या योजना आहेत. दारिद्र्यरेषेखालील साठीपुढच्या वृद्धाला केंद्राकडून दरमहा २०० रुपये मिळतात, ऐंशीनंतर ५००; उरलेली भर राज्याने घालायची.

महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने तिसरा मार्ग काढला. वाशीच्या बाजारात पोती उतरवणाऱ्या हमालाचा मालक एकच नसतो, म्हणून त्याची नोंदणी माथाडी मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची जादा वर्गणी, मंडळात भरतात. मंडळ हमालाला मजुरी देते आणि लेव्हीतून त्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी व औषधोपचार सांभाळते. कामगार, मालक आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी मंडळावर बसतात.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरून काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणीची तरतूद आहे. माथाडी लेव्हीशी तिचे नाते उघड आहे, फक्त हमालाचा हिशेब त्याच्या मजुरीवर होतो आणि इथला कंपनीच्या उलाढालीवर.