मुक्काम कुठे?

नमस्कार श्रोते हो.

आषाढी वारीची पालखी निघाली की घरात रोज सकाळी एकच प्रश्न असतो. आज मुक्काम कुठे? सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. किती किलोमीटर चालून झालं, असं कुणी विचारत नाही. मुक्काम विचारतात. हा प्रश्न जरा लक्षात ठेवा, कारण आज मी ज्या प्रवासाबद्दल बोलणार आहे, तो सगळा याच प्रश्नावर उभा आहे. मनाली ते लेह, सायकलवर.

आपल्याकडची पुष्कळ मंडळी हल्ली या रस्त्यावर सायकल घेऊन जातात. पुण्याची असतात, मुंबई-ठाण्याची असतात, नाशिक-कोल्हापूरचीही असतात. जुन्या रस्त्यानं अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. वाटेत रोहतांग, मग बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला आणि शेवटी तंगलांग ला. तिकडे 'ला' म्हणजेच खिंड. तंगलांग ला 5300 मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई 1646 मीटर. तीन कळसूबाई एकावर एक रचली तरी तंगलांग ला वरच राहते.

वाटेत तांदी नावाचं गाव लागतं. तिथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढे ती होते चंद्रभागा. तीच खाली गेल्यावर चिनाब. हे नाव ऐकल्यावर मराठी माणूस तिथून पाय न थबकवता जाऊच शकत नाही. मी तर म्हणतो, जाऊच नये. सायकल कडेला लावा, पाण्यापर्यंत उतरा, हात बुडवा. पाच मिनिटं बोटं सुन्न होतात, पण ती पाच मिनिटं मला सगळ्या खिंडींवरच्या फोटोंपेक्षा मोलाची वाटतात.

आता आमची गोष्ट सांगतो. 2017 सालच्या जुलैतली. आम्ही चौघं. त्यात माझे थोरले मावसभाऊ, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वय तेव्हा पंचावन्न, पण चौघांत सगळ्यांत दमदार तेच. पुणे-महाबळेश्वर एका दिवसात करणारे. त्यामुळे बेत आखताना आम्ही तोच हिशेब लावला. महाबळेश्वर एकशेवीस किलोमीटर एका दिवसात होतं, मग इथे साठ-सत्तर-ऐंशी सहज. वहीच्या कागदावर दोन रकाने केले, एकात तारीख, एकात किलोमीटर. तिसरा रकाना नव्हता. झोपायच्या जागेची उंची आम्ही लिहिलीच नव्हती.

जिस्पाला मुक्काम केला, 3200 मीटर. दुसऱ्या दिवशी थेट सरचू गाठायचं ठरलं, ऐंशीच्या वर किलोमीटर. मधे बारालाचा ला, 4890 मीटर. सकाळी निघायला उशीर झाला. झिंगझिंगबारच्या पुढे एक नाला रस्त्यावरून वाहत होता, दुपारी दोनच्या सुमारास आम्ही तिथे पोचलो. वरचं बर्फ उन्हानं वितळून पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं, तळाला गोल घसरडे धोंडे. सायकली खांद्यावर घेऊन पार झालो. बूट, मोजे, सगळं ओलं. तरी बारालाचा चढलो. अण्णा सगळ्यांत पुढे. वर पोचलो तेव्हा त्यांनी हसून हात केला, आणि तो हात पाहून आमची सगळ्यांची काळजी मिटली.

अंधार पडता पडता सरचूला आलो. सरचू 4290 मीटर. म्हणजे कालच्यापेक्षा जवळजवळ 1100 मीटर वर आम्ही झोपणार होतो. तंबूत गरम डाळ-भात आला. अण्णा म्हणाले, "मला वास नको त्याचा." आम्हाला वाटलं, दमलेत. ते खाटेच्या कडेला बसून होते, हेल्मेट डोक्यावर तसंच. हनुवटीखालचा चाप काढायचा प्रयत्न चालला होता. दोन्ही बाजूंनी दाबला की सुटणारा साधा चाप, रोज चार वेळा काढतात ते. बोटं त्यावरून नुसती फिरत होती. मी जवळ गेलो, चाप काढून दिला आणि पाठ वळवली. श्रोते हो, ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही. त्या बोटांनी मला सगळं सांगितलं होतं आणि मला ते वाचता आलं नाही.

रात्री दहाला ते बाहेर जायला उठले आणि दोन पावलांत झोकांडले. तंबूवाला धावत आला. त्यानं काय करावं? सतरंजीच्या काठावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बाबूजी, इस लकीर पे चलो. एड़ी के आगे पंजा." अण्णांना तिसरं पाऊल टाकता आलं नाही. तो माणूस आमच्याकडे वळून एवढंच बोलला, "अभी नीचे. सुबह नहीं. अभी."

विरळ हवेत मेंदूला सूज यायला लागली की तोल जातो. तेव्हा खरा उपाय एकच, खाली उतरणं. बाकी औषध, प्राणवायूचं नळकांडं, हे सगळं वाटेतला आधार. पण सरचूहून खाली जायचं कसं? आणि इथे आमच्या कागदातली दुसरी चूक उघडी पडली. सरचू परातीच्या तळाशी आहे. एका बाजूला बारालाचा 4890 मीटर. दुसऱ्या बाजूला गाटा लूप्सची एकवीस वळणं, वर नकी ला, त्याच्या पुढे 5000 मीटरवरची लाचुलुंग ला. सरचूहून खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं! हे आम्हाला रात्री साडेदहाला कळलं.

तंबूवाल्याच्या ओळखीचा एक जीपवाला तिथे झोपला होता. उठला, चूळ भरली, बोनेटवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि निघाला. अण्णांना मधे बसवलं, पाठीला रजई, नाकाला तंबूतल्या प्राणवायूची नळी. मी त्यांचा हात धरून बसलो होतो, तो बर्फासारखा. बारालाचावर काचेला आतून दव गोठलं, ड्रायव्हर एका हातानं फडका फिरवत होता. माझ्या डोक्यात एकच, तो नाला. दुपारी गुडघाभर होता, अंधारात काय होणार? मी विचारलं, तर तो म्हणाला, "रात को ऊपर सब जम जाता है जी, पानी सो जाता है." आणि खरोखर, हेडलाइटच्या उजेडात त्या नाल्यात घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं. दगड तेवढे चमकत होते.

दारचाच्या पुलाजवळ आलो, उंची 3360 मीटर, पहाटेचे तीन-साडेतीन. अण्णांनी मान वर केली, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि स्पष्ट आवाजात विचारलं, "माझी सायकल कुठाय?" ड्रायव्हर हसला. मला रडू आलं. पुढे केलाँगच्या दवाखान्यात दोन दिवस काढले आणि अण्णा बरे झाले.

वेळ भराभर चालला आहे, तर मुख्य गोष्टी सांगून टाकतो. 5000 मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. त्याची सवय व्हायला शरीराला काही रात्री द्याव्या लागतात, पायांतली ताकद कामाला येत नाही. म्हणून 3000 मीटरच्या वर गेलात की आजची झोपायची जागा कालच्यापेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको. तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबायचं. दिवसा खिंड चढा, झोपायला खाली या. पुन्हा सांगतो, मोजायची ती झोपायची उंची. रोहतांगच्या खालून जाणारा अटल बोगदा 2020 च्या ऑक्टोबरात सुरू झाला, नऊ किलोमीटरचा. गाडीनं मनालीहून पलीकडच्या लाहौल खोऱ्यात तासा-दीड तासात पोचता येतं. सोय मोठी झाली, पण तेवढ्या रात्री वाटेत कमी होतात. त्या कुठेतरी भरून काढाव्याच लागतात.

दुसरं म्हणजे पाण्याचं घड्याळ. नाले पहाटे आटलेले, दुपारी भरलेले. वारासुद्धा दुपारीच उठतो. तंगलांग ला च्या अलीकडे मोरे नावाचं पठार आहे, तिथे तो समोरून आला की सपाट रस्त्यावर चढाचा गिअर टाकावा लागतो. म्हणून पाचला निघा, एक-दोनपर्यंत मुक्कामाला पोचा.

आणि तिसरं, प्रत्येक मुक्कामापुढे लिहा की इथून रात्री खाली जायचं तर कुठून आणि कशानं.

सायकलबद्दल थोडक्यात. पुढची सर्वांत लहान चकती बावीस दातांची, मागची सर्वांत मोठी चौतीस-छत्तीसची असली की भागतं. टायर दोन इंची, ब्रेक पॅडचा जादा जोड, साखळीची कडी, ट्यूब. महागडी कार्बनची सायकल लागत नाही. लागतो तो पंक्चर काढता येणारा हात. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं, दुसरी-तिसरीतली पोरं टायर काढून ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे शोधायची. आज मोठमोठ्या क्लबांतल्या मंडळींना चाक काढता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला हे शिकवावं, असं माझं फार दिवसांचं मत आहे. औषधाचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा, मित्राच्या सांगण्यावरून नको.

आमचा तो कागद आम्ही फाडला नाही. त्यालाच तिसरा रकाना जोडला आणि पुढच्या जुलैत परत गेलो. डॉक्टरांची परवानगी घेऊन अण्णाही आले. या वेळी जिस्पाला दोन रात्री. मग पत्सेओ, सुमारे 3800 मीटर, पाचशेच्या हिशेबाहून थोडं जास्त, म्हणूनच आधी त्या दोन रात्री. मग झिंगझिंगबार, 4270 मीटरच्या आसपास, तिथेही दोन रात्री. पहाटे अंधारात तो नाला बूट न भिजवता ओलांडला. बारालाचावर ऊन तापायच्या आत होतो आणि सरचूला जेवणाच्या वेळेला. झोपायची उंची कालच्या इतकीच. तोच तंबू, तोच तंबूवाला. अण्णा खाटेवर बसले, हनुवटीखाली हात नेला, टक् करून चाप सुटला. हेल्मेट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "काय हो, डाळ आहे का?"

नमस्कार.