आधी वही, मग चॅटबॉट

विद्यार्थी मित्रांनो आणि शिक्षक मंडळी,

चॅटबॉटवर बंदी घालावी का, हा प्रश्न मी लवकर संपवतो. ३० नोव्हेंबर २०२२ ला ओपनएआय कंपनीचा चॅटजीपीटी हा चॅटबॉट सर्वांसाठी खुला झाला. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी त्यावर बंदी घातली आणि मे महिन्यात ती उठवली. मजकूर यंत्राने लिहिलाय का, हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवरही भिस्त ठेवू नका. खुद्द ओपनएआयचं तसलं साधन चाचणीत माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवत होतं. जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. एवढ्या कच्च्या पुराव्यावर एखाद्या मुलाला चोर ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. तुर्कस्तानातल्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग आहे. गणिताच्या सरावाला काहींना साधा चॅटबॉट दिला, काहींना उत्तर न सांगता फक्त इशारे देणारा, आणि काहींना फक्त वही-पुस्तक. सरावात साधा चॅटबॉट वापरणारी मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी पुढे गेली. इशारेवाली तर १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाल्यांचं तसं नुकसान जवळपास झालं नाही. आणि मागे पडलेल्यांना आपण कमी शिकलो, असं वाटतही नव्हतं! मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

असं का होतं? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. काहींना तो एकदा वाचल्यावर न बघता आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. डोकं खाजवून बाहेर काढलेलं टिकतं. चॅटबॉट नेमकं ते डोकं खाजवणंच वाचवतो.

आता प्रत्यक्ष बघू. वर्गसमीकरण आहे : क्ष² − ५क्ष + ६ = ०. ‘सोडवून दे’ म्हणालात की २ आणि ३ ही उत्तरं पायऱ्यांसकट हजर. तुम्ही उतरवून घेता, पटतंही. त्याऐवजी आधी वहीत स्वतः अवयव पाडा. समजा, तुम्ही (क्ष + २)(क्ष + ३) लिहिलं. तेच चॅटबॉटला द्या आणि बजावा, ‘उत्तर सांगू नकोस, मी कुठे चुकलो तेवढं शोधायला मदत कर.’ तो बहुधा म्हणेल, कंसांचा गुणाकार करून मधलं पद बघ. मधलं पद येतं अधिक ५क्ष, हवं होतं उणे. चिन्ह चुकलं, हे तुम्हाला स्वतःला दिसतं. पुढच्या वेळी अवयव पाडताना हात आपोआप चिन्हापाशी थांबतो. यंत्र तेच, फोन तोच. फक्त कोणी आधी विचार केला, एवढाच फरक.

निबंधालाही हेच लागू आहे. मुद्दे तुमचे, कच्चा खर्डा तुमचा. मग ‘यात कुठला युक्तिवाद लंगडा आहे?’ असं विचारा. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊच नका. पुढचा संभाव्य शब्द कोणता, या हिशेबावर ते यंत्र लिहितं, त्यामुळे अस्तित्वात नसलेलं पुस्तकही लेखकाच्या नावासकट बिनदिक्कत सांगतं.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. घरी लिहून आणलेल्या कामाला दिलेले थोडे गुण काढून तोंडी समजावण्याला द्या. मुलाला शेजारी बसवा, त्याच्याच वहीतल्या एका पायरीवर बोट ठेवा आणि विचारा, ‘हे इथे का केलंस?’ मोठ्या वर्गात रोज सगळ्यांना विचारणं जमणार नाही, हे मला कळतं. रोज चौघांना विचारा. आज आपली पाळी येऊ शकते, एवढं कळलं तरी मुलं घरी वही वेगळ्या तयारीने उघडतात.